वाईची सहल: सप्टेंबरातल्या ठरावापासून फेब्रुवारीतल्या हिशेबापर्यंत

आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाची वाई-मेणवलीची एक दिवसाची सहल २३ जानेवारी २०२५ रोजी झाली आणि सहलप्रमुख मी होते. वय ६१, बँकेतून निवृत्त, संघात येऊन जेमतेम वर्ष झालेलं. संघाच्या हिशेबाने मी ‘तरुण’, म्हणून काम माझ्याकडे आलं. बस कशी ठरवतात, पैसे कधी गोळा करतात, कुणाला काय विचारायचं असतं, हे कुणीतरी लिहून ठेवलेलं मला तेव्हा हवं होतं. मिळाली ती एक फाईल. तिच्यात २०१९ च्या सहलीची प्रवाशांची यादी आणि जेवणाची एक पावती होती. म्हणून हे लिहिते आहे. नावं मुद्दाम टाळली आहेत. संघातले सगळे हे वाचणार आणि मला रोज संध्याकाळी तिथेच जायचंय.

२१ सप्टेंबरच्या मासिक सभेत विषय निघाला, कुणीतरी माझं नाव सुचवलं, कुणीतरी अनुमोदन दिलं आणि मी ‘बघते’ म्हणायच्या आत टाळ्या झाल्या. पितृपक्ष चालू होता. ‘आत्ता फक्त नाव लिहून ठेवा, ठरवाठरवी घटस्थापनेनंतर,’ असं अध्यक्षांनी सांगितलं. मला बरंच झालं, घाबरायला दोन आठवडे मिळाले.

घटस्थापनेनंतर ठिकाणांच्या सूचना आल्या. अष्टविनायकांपैकी पाच एका दिवसात, महाबळेश्वर, गणपतीपुळे (हेही एका दिवसात!). शेवटी वाईवर एकमत झालं, कारण देव हवे असणाऱ्यांना देव, इतिहास हवा असणाऱ्यांना इतिहास आणि काहीच नको असणाऱ्यांना नदीचा घाट मिळत होता. मी उत्साहाने कार्यक्रम लिहिला: ढोल्या गणपती, मेणवली, धोम, पसरणी घाटातून पाचगणी, रात्री आठला परत. तो कागद अजून जपून ठेवलाय. पुन्हा कधी सहल ठरवताना डोकं हवेत गेलं तर उघडून बघायला.

तारीख ठरवणं हे स्वतंत्र प्रकरण निघालं. नोव्हेंबरमध्ये पेन्शनवाल्यांचा हयातीचा दाखला असतो, बँकेतली रांग मी काऊंटरच्या दोन्ही बाजूंनी पाहिलेली आहे. त्यात २० नोव्हेंबरला विधानसभेचं मतदान. डिसेंबरात मार्गशीर्षातले गुरुवार, म्हणजे निम्म्या बायकांच्या घरी महालक्ष्मीची पूजा. जानेवारीत १४ ला संक्रांत, १७ ला संकष्टी, २५ ला एकादशी, २९ ला अमावास्या. अमावास्येला सहल काढायची म्हटलं असतं तर मी एकटीच गेले असते. शनिवार-रविवार गर्दीमुळे बाद. मग २३ तारखेचा गुरुवार उरला. गुरुवारचा उपवास करणारे तिघेच होते, त्यांच्यापुरती साबुदाण्याची खिचडी सांगता येत होती. तुम्ही असं काही ठरवणार असाल तर आधी कालनिर्णय उघडा, मग नकाशा.

खजिनदारकाकांचं म्हणणं होतं की बस ठरवायचीच कशाला, एसटीने जाऊ. त्यांचा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरीच्या पुढच्यांना एसटी फुकट आहे, ६५ ते ७५ ना अर्धं तिकीट आणि मार्च २०२३ पासून बायकांना कोणत्याही वयात अर्धं. आमच्या यादीत पूर्ण तिकीट भरणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. काकांनी पाठकोऱ्या कागदावर हिशेब मांडून सभेत फिरवला. पण चाळीसजणांना एका गाडीत जागा मिळणार कशी, वाईच्या स्टँडवरून मेणवलीला कसं न्यायचं आणि मध्ये कुणाला उतरायचं झालं तर एसटी कुणासाठी थांबणार, याची उत्तरं त्या कागदावर नव्हती. मधला मार्ग म्हणून मी आणि काका, दोघांनी आधी एसटीने जाऊन बघून यायचं ठरलं.

२३ ऑक्टोबरला आम्ही स्वारगेटहून वाईची गाडी पकडली. काका ७८ वर्षांचे. कंडक्टरने त्यांचं आधार कार्ड पाहून शून्य रुपयांचं तिकीट हातात दिलं, ते त्यांनी पाकिटात घडी घालून ठेवलं. माझं अर्धं. ही टेहळणी म्हणजे आमच्या सगळ्या सहलीचा पाया ठरली. घरी बसून नकाशावर अंतर दिसतं, पायऱ्या दिसत नाहीत.

वाईत आम्ही गणपती आळीच्या घाटावर गेलो. ढोल्या गणपतीचं देऊळ गणपतराव भिकाजी रास्ते यांनी १७६२ मध्ये बांधलं. मूर्ती एकाच दगडातली, नावाप्रमाणे ऐसपैस. देवळाची मागची भिंत माशाच्या आकाराची आहे, कृष्णेला पूर आला की पाणी तिथे दुभंगून दोन्ही अंगांनी निघून जावं म्हणून. काका हे मला समजावून सांगत होते आणि माझं लक्ष पायऱ्यांकडे. कठडा कुठे आहे, कुठे नाही, चपला काढायला बसायची जागा कुठे, बस कुठपर्यंत येते, तिथून किती चालायचं. मी चालत गेले आणि घड्याळ लावून काकांच्या चालीने परत आले. माझी सात मिनिटं, त्यांची सोळा. पुढचं सगळं वेळापत्रक मी सोळाच्या हिशेबाने लिहिलं.

रिक्षाने मेणवलीला गेलो. नाना फडणवीसांचा वाडा पाहिला, घाटावर उतरलो. आणि तिथेच धोम आणि पाचगणी माझ्या डोक्यातून गेली. चाळीसजणांना दोन ठिकाणं नीट दाखवायची की चार ठिकाणी बसमध्ये चढवायचं-उतरवायचं? काका म्हणाले, ‘ताई, आमची लोकं पाचगणीला जाऊनही बसूनच राहणार, मग इथेच बसू दे की.’ येताना वाईत एका खानावळीत जेवून चव पाहिली, थाळीचा भाव विचारला, आणि मालकांना न सांगता त्यांचं स्वच्छतागृह बघून आले. टेहळणीचा खर्च दोघांचा मिळून ७३० रुपये झाला. रिक्षावाल्याची पावती नव्हती, म्हणून मी व्हाउचर लिहून काकांची सही घेतली. ते पुढे कामाला आलं.

आता फॉर्मविषयी. इथे माझी चूक झाली आणि ती सांगायला हवी.

डिसेंबरच्या सुरुवातीला मी नावनोंदणीचा फॉर्म केला. नाव, वय, रक्तगट, चालू औषधं, घरच्यांचा फोन. शेवटी एक ओळ: ‘८० वर्षांवरील सभासदांनी डॉक्टरांचं प्रमाणपत्र व मुलाची/मुलीची संमती जोडावी.’ मला वाटलं, जबाबदारीने वागतेय. दुसऱ्याच दिवशी आमच्यातले ८४ वर्षांचे एक काका फॉर्म घेऊन घरी आले. बसले नाहीत. ‘मी याच्या जन्माच्या दाखल्यावर सही केली,’ ते म्हणाले, ‘आता मला वाईला जायला याची सही आणू?’ मला काही सुचलं नाही. मी पाणी दिलं, ते त्यांनी घेतलं, एवढाच दिलासा.

ती ओळ काढली. त्याऐवजी सगळ्यांना एकच मजकूर केला, माझ्यासकट: मी स्वतःच्या जबाबदारीवर येत आहे, माझी औषधं मी बरोबर ठेवीन, काही झालं तर या दोन माणसांना फोन करा. कागदाने काय सिद्ध होतं ते वकील जाणोत. पण औषधांची माहिती मात्र सगळ्यांनी खरी लिहिली, आणि ती मी बंद पाकिटांत ठेवून सहलीनंतर ज्याची त्याला परत दिली. हे आधीच सांगितलं होतं, म्हणून लोक मोकळेपणाने लिहू शकले असावेत.

फॉर्म पुन्हा छापायचाच होता, म्हणून त्यात एक प्रश्न वाढवला. तो सुचला तो खानावळीतलं स्वच्छतागृह बघताना. ‘प्रवासात किती वेळाने थांबलेलं बरं?’ पुढे तीन चौकोन: एक तास, दोन तास, चालेल तसं. मला वाटलं पाच-सहा जण एका तासावर खूण करतील. एकोणीस निघाले. सभेत, कट्ट्यावर, फोनवर यातलं एकही माणूस हे बोललं नव्हतं.

त्या एकोणीसांत एक मावशी होत्या, ७९ च्या. संघाच्या कुठल्याच सहलीला त्या येत नसत. विचारलं की ‘गुडघे’ म्हणायच्या. फॉर्म देताना त्यांनी खूण केलेल्या जागी बोट ठेवून विचारलं, ‘हे खरंच करणार आहात ना?’ मी हो म्हटलं. ‘मागे एकदा थांबवा म्हणाले होते,’ त्या म्हणाल्या, ‘मागून कुणीतरी म्हणालं, यांना घरीच ठेवायला हवं होतं.’ मग त्यांनी पर्समधून मोजून ठेवलेले पैसे काढले.

सगळं गणित त्यावरून फिरलं. चाळीस माणसं, पुरुष दहा मिनिटांत मोकळे होतात, बायकांना किमान पंचवीस लागतात. म्हणजे एक थांबा अर्ध्या तासाचा. जाताना दोन, येताना दोन, दोन तास यातच गेले. ते आधीच कागदावर लिहिले की कुणाला उशीर झाल्यासारखं वाटत नाही. आमच्या छापील कार्यक्रमपत्रिकेत ‘प्रसाधन’ चार वेळा आलं होतं. एका काकांनी त्याची चेष्टा केली. ते स्वतः चारही वेळा उतरले.

बसचं काम निवडणुकीचा निकाल लागून धूळ खाली बसल्यावर हाती घेतलं. तिघांकडून दर मागवले: १६,०००, १८,००० आणि २१,५००. सोळावाले फोनवर फार गोड बोलत होते, पण लिहून द्यायला तयार नव्हते. एक गोष्ट मला माहीत नव्हती ती इथे सांगते. बसचे किलोमीटर आपल्या दारापासून नाही, त्यांच्या गॅरेजपासून गॅरेजपर्यंत मोजतात. आम्ही सिंहगड रस्त्यावर आणि गॅरेज पार वाघोलीला, म्हणजे आपण बसायच्या आधीच मीटर पळत असतो. शिवाय विचारायचं: टोल आणि पार्किंग कुणाचं, चालकाचा भत्ता धरलाय का, किती तासांनंतर जादा आकार, गाडी बिघडली तर दुसरी किती वेळात. आम्ही १८,००० वाली घेतली, टोल-पार्किंग आणि भत्ता आमच्याकडे.

७ डिसेंबरला मी जाऊन गाडी बघून आले. ४५ आसनं, पायऱ्या ठीक, खिडक्या उघडतात. नंबर टिपून घेतला आणि घरी येऊन एम-परिवहन ॲपवर टाकला. फिटनेस, विमा, पीयूसी, सगळ्याच्या तारखा तिथे दिसतात. मग ५,००० रुपये आगाऊ दिले, चेकने. संघाचे पैसे रोखीने देऊ नका, ३१ मार्चनंतर हिशेब तपासनीसाला उत्तर तुम्हालाच द्यायचं असतं.

माणशी ८५० रुपये ठरले. १० ते ३१ डिसेंबर पैसे भरायची मुदत, ४४ नावं झाली, प्रतीक्षा यादीत पाच. नियम असा केला की शेवटच्या आठवड्यात नाव काढलं तर आपल्या जागी दुसरा मिळाला तरच पैसे परत. नियम करताना कुणी आवाज काढला नाही. नियम लागू करताना काढला.

कारण २१ जानेवारीला बातम्या सुरू झाल्या. गुइलेन बॅरे सिंड्रोम, जीबीएस, हातापायांतली शक्ती घालवणारा मज्जातंतूंचा आजार. पुण्यात रुग्ण, तेही आमच्याच सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात, आणि संशय पाण्यावर. त्या दिवशी आणि २२ ला माझा फोन हातातून खाली ठेवता आला नाही. मुलं फोन करत होती, सुना करत होत्या, अमेरिकेतून एक मुलगी रात्री दोनला. ‘आईला नेऊ नका.’ एकींनी विचारलं, ‘वाईचं पाणी कसं आहे हो?’ त्यावर खजिनदारकाका म्हणाले, ‘अहो, शंका आपल्या पाण्याची आहे, वाईच्या नाही. उलट एक दिवस तरी बाहेरचं मिळेल.’ विनोद चांगला होता पण मी रात्रभर जागी होते. ४३ माणसांपैकी एकाचं जरी दुसऱ्या दिवशी पोट बिघडलं तर घरचे काय म्हणतील, तेच डोक्यात.

सहल रद्द करावी का? अध्यक्ष म्हणाले, तुम्ही ठरवा. हे ‘तुम्ही ठरवा’ ऐकायला मानाचं वाटतं, निस्तरायला नाही. संघातल्या एका निवृत्त डॉक्टर बाईंना विचारलं. त्यांनी सांगितलं ते साधं होतं: पाणी उकळलेलं, अन्न गरम, कच्चं काही नको, आणि ज्याला आत्ता ताप किंवा जुलाब असतील त्याने यायचं नाही. मी खानावळीला फोन करून कोशिंबीर, ताक आणि चिरलेला कांदा रद्द केला. सगळ्यांना निरोप पाठवला की घरून उकळलेलं पाणी एक-एक बाटली आणा, वर आपण सीलबंद घेऊच. चौघांनी नावं काढली. प्रतीक्षा यादीतले तिघे आले. एक जागा रिकामी राहिली. आकडा ४३.

२३ ला सकाळी सव्वासहाची वेळ दिली होती. पावणेसहालाच निम्मी मंडळी मफलर गुंडाळून हजर. बस आली सहा चाळीसला, आणि ती आमची बस नव्हती. नंबर वेगळा, पायऱ्या उंच, पहिली पायरी जवळजवळ गुडघ्याला. व्यवस्थापकांना फोन केला तर, ‘मॅडम, ती गाडी लग्नाला गेली, ही तिच्याहून नवी आहे.’ रस्त्याच्या कडेला उभी राहून मी नवा नंबर ॲपवर टाकला. फिटनेस होता, विमा होता, पीयूसी नऊ दिवसांपूर्वी संपलेलं. चालक तरुण मुलगा, बिचाऱ्याला काही माहीत नव्हतं. त्रेचाळीस माणसं थंडीत माझ्या तोंडाकडे बघत होती. मी निघायचं ठरवलं, आणि वाईला आपण जेवत असताना त्याने पीयूसी काढून आणायचं. तो आणून दाखवून गेला. पण बरोबर केलं की नाही, हे अजून माझं मला सांगता येत नाही. पुढच्या वेळी आदल्या रात्री गाडीचा नंबर लेखी मागवणार. प्रवाशांच्या यादीच्या तिन्ही प्रतींवर जुना नंबर छापलेला होता, तो खोडून पेनाने नवा लिहिला आणि सही केली.

उंच पायरीवर उपाय म्हणून मी घरून पाट आणला होता. टेहळणीच्या वेळी काकांना एसटीत चढताना पाहून सुचलं होतं. देवपूजेला बसायचा जुना सागवानी पाट, जाड, न हलणारा. तो पहिल्या पायरीखाली ठेवला आणि एक-एक जण चढलं. दिवसभरात तो पाट सोळा-सतरा वेळा खाली-वर झाला. प्लास्टिकचं स्टूल नेऊ नका, ते सरकतं.

पुढच्या आसनांवरून कुरबूर होणार हे गृहीत धरलं होतं. ज्यांना गाडी लागते ते पुढे, बाकी चिठ्ठ्या टाकून, आणि येताना पुढचे मागे, मागचे पुढे. तरी दोघी तासभर बोलल्या नाहीत. खेड शिवापूरच्या टोलनंतर एक थांबा, तिथे गरम उपमा आणि चहा. शिरवळला नीरा ओलांडली तेव्हा कुणीतरी ‘आला सातारा जिल्हा’ म्हणालं आणि भेंड्या सुरू झाल्या. खंबाटकी चढताना भेंड्या थांबल्या, वळणं संपल्यावर पुन्हा सुरू. आमच्या वेळी येताना बोगदा लागला, जाताना घाट चढावा लागला, त्यामुळे ओव्याच्या पुड्या आणि गोळ्या जातानाच वाटल्या. चारच जणांना लागल्या.

दहाच्या सुमारास वाईत पोचलो. गणपतीचं दर्शन सगळ्यांचं व्यवस्थित झालं. घाटावर उन्हात बसायला इतकी जागा होती की लोक उठेनात. वाईत विश्वकोशाचं काम चालतं, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींचं हे गाव. आमच्यातल्या एका निवृत्त मराठीच्या शिक्षिकांनी न सांगता, न ठरवता दहा मिनिटं त्याबद्दल सांगितलं, आणि मी ठरवलेल्या माहितीच्या कागदापेक्षा ते कितीतरी चांगलं झालं. कागद पिशवीतच राहिला.

मग माणसं हरवली.

मी जोड्या लावल्या होत्या. प्रत्येकाने आपल्या जोडीदाराकडे लक्ष ठेवायचं, जोडीदार दिसला नाही की मला सांगायचं. बसमध्ये मोजलं तर ४१. पुन्हा मोजलं, ४१. कुणीच तक्रार केली नव्हती, कारण गेले होते ते दोघं एकमेकांचेच जोडीदार! फोन लावला, तो बसमध्ये मागच्या आसनावर वाजला. पस्तीस मिनिटं गेली. खजिनदारकाका आणि मी बाजारपेठेकडे गेलो तर दोघं एका दुकानात हळकुंडं निवडत होते. वाईची हळद म्हणून पाच किलो घेतली होती आणि आता उचलवत नव्हती. मला ओरडायचं होतं. त्यांच्यातल्या मोठ्यांनी मला बघून ‘या या, तुम्हालाही देऊ का किलोभर?’ म्हटलं आणि माझा राग जिरला. त्यानंतर सहा-सहा जणांचे गट केले, प्रत्येकाला एक गटप्रमुख. जोड्या लावू नका, आणि मित्र-मित्र तर मुळीच एकत्र ठेवू नका.

मेणवलीला त्यामुळे उशीर झाला, पण तिथे घाई केली नाही. वाड्यातले चौक, भिंतींवरची जुनी चित्रं. नानांच्या पदरचे कागद, ज्यांना मेणवली दप्तर म्हणतात, ते इथलेच. घाटावर मेणेश्वराच्या देवळाजवळ ती प्रसिद्ध घंटा आहे. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसई घेतल्यानंतर पोर्तुगिजांच्या चर्चमधून आलेली, तिच्यावर १७०७ हे साल आणि मेरीची आकृती आहे. पायऱ्या उतरू शकणारे २६ जण खाली गेले. बाकीचे सतरा वर वाड्याच्या सावलीत बसले. त्यांच्यासाठी मी सतरंज्या आणि एक गटप्रमुख ठेवला होता, म्हणजे त्यांना ‘मागे राहिलो’ असं वाटू नये.

७९ च्या त्या मावशी वर बसल्या होत्या. मी जाऊन विचारलं, काही हवंय का. त्या म्हणाल्या, ‘काही नको. तीन वेळा थांबलो आणि तिन्ही वेळा माझ्याआधी कुणीतरी उतरलं.’ खरं तर तोवर दोनच थांबे झाले होते. त्यांनी तिसरा वाईचा, बाजारातली माणसं शोधतानाचा धरला होता.

दुपारचं जेवण तीनला झालं, दोनच्या ऐवजी. गरम भाकरी, पिठलं, वांग्याची भाजी, तिखट बेताचं सांगूनही बऱ्यापैकी. मधुमेहवाल्यांना मी बाराला राजगिऱ्याच्या वड्या आणि शेंगदाणे दिले होते, नाहीतर एक तासाचा उशीर महागात पडला असता. हे मात्र जरूर करा: जेवण वेळेवर मिळणारच नाही असं धरून चाला. जवळचं रुग्णालय कुठलं, ते आधी बघून ठेवलं होतं, १०८ चा फोन गटप्रमुखांच्या कागदावर लिहिला होता. दोन्हींची गरज पडली नाही. येताना स्ट्रॉबेरीसाठी गाडी थांबवा असा आग्रह झाला. ‘घरी नेऊन धुऊन खा, बसमध्ये कुणी तोंडात टाकणार नाही,’ असं मी इतक्या करड्या आवाजात सांगितलं की मागून कुणीतरी ‘हो मॅडम’ म्हणालं, शाळेतल्यासारखं. रात्री साडेआठला पोचलो. शेवटच्या मावशींच्या मुलाने त्यांना नेईपर्यंत नऊ वाजले. घरी येऊन मी दार उघडलं, चप्पल न काढता खुर्चीत बसले आणि तशीच झोपले.

पुढचे आठ दिवस रोज कुणी ना कुणी फोन करून ‘सगळे बरे आहेत ना?’ विचारत होतं, आणि मी मनातल्या मनात यादी वाचत होते. सगळे बरे होते.

हिशेब १५ फेब्रुवारीच्या सभेत वाचला. जमा ४३ जणांचे ३६,५५०. खर्च: बस १८,०००, टोल-पार्किंग ६८०, चालक भत्ता ५००, नाश्ता ४५ जणांचा (चालक आणि मदतनीस धरून) ३,१५०, जेवण ९,४५०, दोन वेळा चहा १,३५०, सीलबंद पाणी १,०८०, औषधपेटी ४६०, टेहळणी ७३०, मेणवलीत वाडा दाखवणाऱ्याला ५००, छपाई १२०. एकूण ३६,०२०, शिल्लक ५३०. लगेच एक हात वर आला: ‘टेहळणीचे ७३० कशाचे?’ खजिनदारकाकांनी माझं व्हाउचर आणि पाकिटातून काढून ते शून्य रुपयांचं तिकीट टेबलावर ठेवलं. हात खाली गेला.

नाव काढलेल्या चौघांपैकी तिघांना पैसे परत गेले, चौथ्या बाईंच्या जागी कुणी आलं नव्हतं. त्यांचे ८५० वेगळे ठेवले होते. नियमाप्रमाणे काहीच नाही, त्यांच्या मते सगळे. वीस मिनिटं चर्चा झाली. शेवटी असं ठरलं की खाण्यापिण्याचे ३१० वाचले आहेत, ते त्यांना परत, बसच्या वाट्याचे ५४० संघाकडे. त्या नाराज आहेत अजून, पण समोरून बोलतात. म्हणजे शिल्लक झाली १,०७०.

ती पुढच्या सहलीसाठी ठेवली. पाट मात्र गेला. सहलीनंतर तो संघाच्या कपाटात राहिला होता, मी आणायला गेले तेव्हा कुणीतरी त्याच्या खालच्या बाजूला पांढऱ्या रंगाने संघाचं नाव लिहून टाकलं होतं. संघाच्या मालकीच्या वस्तूंच्या यादीत, म्हणजे डेडस्टॉक रजिस्टरमध्ये, नोंदही झाली आहे: लाकडी पाट, नग एक, अनुक्रमांक १४. सासूबाईंचा होता.